बेट, बंदर आणि कला

कलेविषयी बोलू लागले की एकांताची महती सांगण्याचा प्रघात आपल्याकडे फार दिवसांचा आहे. कलावंताला गलबला नको, बाजार नको. चहूकडे पाणी असलेले एखादे निवांत बेट मिळाले म्हणजे त्याची प्रतिभा फुलते, असे आपण सहज मानून चालतो. या समजुतीत थोडेफार तथ्य असेलही. परंतु इतिहासात ज्या बेटांवर कला खरोखर बहरली, ती बेटे जरा जवळून पाहू गेल्यास निराळेच चित्र दिसते. तेथे एकांत फारसा नव्हता. तेथे बंदर होते. समुद्राने त्या बेटांना जगापासून तोडण्याऐवजी जगाशी जोडून दिले होते. ही गोष्ट स्पष्ट व्हावी म्हणून आम्ही येथे दोन बेटे घेतली आहेत. एक भूमध्य समुद्रातील सिसिली आणि दुसरे आपल्या अगदी उंबरठ्यावरचे साष्टी. निजामपुऱ्यातून निघून कशेळीचा पूल ओलांडला, की पलीकडे बाळकुमला आपला पाय साष्टी बेटावरच पडतो. रोजच्या धंद्यापाण्यासाठी हा पूल ओलांडणाऱ्यांपैकी कितीकांना आपण एका बेटावर जात आहोत याची जाणीव असेल, याविषयी आम्हांला शंका आहे.

प्रथम सिसिलीचा विचार करू. इटलीच्या पायथ्याशी असलेले हे मोठे बेट. प्राचीन काळी तेथे ग्रीकांच्या वसाहती होत्या. पुढे रोमन आले, बायझंटाइन आले, इ. स. ८२७ पासून अरबांनी ते हळूहळू जिंकले आणि अकराव्या शतकाच्या उत्तरार्धात उत्तरेकडच्या नॉर्मन सरदारांनी ते आपल्या ताब्यात घेतले. इतक्या स्वाऱ्या पाहिलेल्या भूमीत कला कशी तग धरणार, असे कोणालाही वाटेल. पण नॉर्मन राजा दुसरा रॉजर याने शहाणपणाची एक गोष्ट केली. इ. स. ११३० मध्ये राज्याभिषेक झाल्यावर त्याने ज्याला जे उत्तम साधते ते काम त्याच्याकडे सोपविले. पालेर्मो येथील राजवाड्यातील प्रार्थनामंदिर हे याचे ठळक उदाहरण होय. या ख्रिस्ती मंदिराच्या भिंतींवर बायझंटाइन पद्धतीची सोनेरी कुट्टिमचित्रे आहेत आणि माथ्यावर मधाच्या पोळ्यासारखे कोरीव असे इस्लामी धाटणीचे लाकडी छत आहे. त्या छतावर वाद्ये वाजविणारी व बुद्धिबळ खेळणारी माणसे रंगविलेली आहेत. आराखडा पश्चिमेकडचा, भिंत ग्रीकाची, छत अरबाचे. आणि तरीही वास्तू एकजीव वाटते.

विणकरांच्या गावात हे सांगत असताना रॉजरच्या शाही झग्याची गोष्ट गाळून चालणार नाही. तांबड्या रेशमावर जरीच्या धाग्यांनी भरलेला हा झगा पालेर्मोच्या राजकारखान्यात तयार झाला. मध्ये ताडाचे झाड आणि दोन्ही बाजूंना उंटावर झडप घालणारे सिंह, अशी त्याची नक्षी आहे. काठावर कूफी लिपीत अरबी मजकूर भरला असून त्यात हिजरी ५२८, म्हणजे इ. स. ११३३-३४, हे वर्ष नोंदलेले आहे. ख्रिस्ती राजाच्या खांद्यावरचे वस्त्र, त्यावर अरबी अक्षरे, आणि पुढे कित्येक पिढ्या तेच वस्त्र पवित्र रोमन सम्राटांच्या राज्याभिषेकात वापरले गेले! आज ते व्हिएन्ना येथे जतन केलेले आहे. पुढे ११४७ मध्ये रॉजरच्या आरमाराने ग्रीसवर स्वारी केली, तेव्हा थीब्ज येथील रेशीम विणणारे कारागीर पकडून पालेर्मोला आणण्यात आले. लुटीतही विणकर मोलाचा वाटावा, यावरून त्या राजाची दृष्टी कळते. त्या विणकरांच्या मनाला काय वाटले असेल ते मात्र कोठेही लिहिलेले नाही.

याच रॉजरच्या दरबारी अल-इद्रिसी नावाचा अरब भूगोलवेत्ता होता. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रवाशांकडून माहिती गोळा करून त्याने जगाच्या भूगोलाचा एक मोठा ग्रंथ ११५४ मध्ये पुरा केला. त्या ग्रंथात आपल्या ठाण्याचा उल्लेख आहे. मोठ्या खाडीकाठचे, जहाजे जेथे नांगर टाकतात आणि जेथून निघतात असे एक सुरेख गाव, असे त्याचे वर्णन आहे. जवळच्या डोंगरांतील बांबूपासून मिळणाऱ्या वंशलोचनाचीही नोंद आहे. भूमध्य समुद्रातील बेटावर बसून लिहिणाऱ्याला साष्टीवरील बंदर ठाऊक होते. दोन्ही बेटांमधला हा धागा आम्ही ओढूनताणून आणलेला नाही, तो आठशे-साडेआठशे वर्षांपूर्वीच कागदावर उतरलेला आहे.

आता साष्टीकडे वळू. उत्तरेला वसईची खाडी, पूर्वेला उल्हास नदी आणि ठाण्याची खाडी, पश्चिमेला अरबी समुद्र, असा या बेटाचा वेढा. सासष्ट गावांचे म्हणून साष्टी, अशी नावाची व्युत्पत्ती सांगतात. आज मुंबईची उपनगरे आणि ठाणे शहराचा मोठा भाग याच बेटावर उभा आहे. भराव आणि पूल यांमुळे त्याचे बेटपण डोळ्यांना दिसेनासे झाले आहे, एवढेच.

या बेटाच्या पोटात, बोरिवलीच्या जंगलात, कान्हेरीची लेणी आहेत. शिलालेखांत या डोंगराला कण्हसेल, म्हणजे कृष्णशैल, काळा डोंगर म्हटले आहे. इसवी सनाच्या आरंभाच्या सुमारास सुरू झालेले हे काम जवळजवळ हजार वर्षे चालू राहिले आणि शंभरांहून अधिक लेणी येथे खोदली गेली. चैत्यगृह, भिक्षूंच्या राहण्याच्या खोल्या, सभागृह आणि जवळजवळ प्रत्येक विहाराला पाण्याचे टाके अशी ही एक संपूर्ण वसाहतच होती. पावसाचे पाणी खडकात खोदलेल्या पन्हळींतून टाक्यांत उतरावे, अशी योजना आजही तेथे पाहावयास मिळते.

लेणे खोदण्याची रीत समजून घेण्यासारखी आहे. घर बांधताना आपण पाया घालून वर जातो; लेण्यात कारागीर वरून खाली उतरतो. आधी छत कोरावयाचे, मग खांब, शेवटी जमीन. असे केल्याने परातीची गरज राहत नाही. खाली उरलेला खडकच उभे राहावयास जागा देतो. परंतु यात चुकीला क्षमा नाही. भिंतीची वीट काढून पुन्हा बसविता येते, तुटलेल्या खांबाला खडक पुन्हा चिकटविता येत नाही. शिवाय आपल्याकडचा काळा पत्थर छिन्नीची धार फार लवकर बोथट करतो. म्हणून लेण्याच्या कामावर पाथरवटाइतकाच लोहाराचा भाता महत्त्वाचा. रोज छिन्न्या शेकावयाच्या, ठोकावयाच्या, पुन्हा धार लावावयाची. लोहार थांबला तर लेणे थांबले.

हे ध्यानी घेतले म्हणजे कान्हेरीच्या शिलालेखांतील एक छोटी नोंद मनाला फार भिडते. कल्याणच्या एका लोहाराने तेथे एक वाट करून दिली, असे एक लेख सांगतो. कल्याणच्याच एका सोनाराने पाण्याचे टाके दिले. सोपाऱ्याच्या व्यापाऱ्यांची, चेमूल म्हणजे चौलच्या लोकांची, नाशिककरांची नावे तेथे आहेत; भिक्षुणींची आणि गृहस्थांच्या घरच्या स्त्रियांचीही आहेत. मोठ्या चैत्यगृहाचे दाते कोण, तर सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णी याच्या काळातील दोन व्यापारी भाऊ. राजाचे नाव लेखात येते ते मुख्यतः काळ सांगण्यासाठी. वर्षावासात राहणाऱ्या भिक्षूला चीवरासाठी आणि पायांतल्या वहाणांसाठी पैसे मिळावेत म्हणून कोणी शेत, कोणी रक्कम कायमची लावून दिली. या देणगीला अक्षयनीवी म्हणत, म्हणजे मूळ रक्कम जशीच्या तशी ठेवून केवळ उत्पन्न खर्चावयाचे.

अशी रक्कम कोठे ठेवीत, हे पाहण्यासाठी क्षणभर बेट सोडून नाशिकला गेले पाहिजे. तेथील लेण्यांत क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा एक लेख आहे. त्याने तीन हजार कार्षापण कायमच्या ठेवीत ठेवले. दोन हजार एका श्रेणीकडे महिना शेकडा एक या व्याजाने आणि एक हजार दुसरीकडे महिना शेकडा पाऊण या व्याजाने. या श्रेणी कोणाच्या? कोलिकांच्या, म्हणजे विणकरांच्या! त्या काळी विणकरांची संघटना इतकी विश्वासाची होती की राजघराण्यातील माणूस आपला पैसा तिच्या हाती देत असे आणि त्या व्याजावर लेण्यातील वीस भिक्षूंच्या वस्त्रांचा खर्च चाले. विणकर हा मजूर, आणि कला हा बड्या लोकांचा षोक, अशी फाळणी ज्यांच्या मनात बसली आहे, त्यांनी हा लेख अवश्य वाचावा.

दाते जसे आसपासचे, तसे पाहुणे दूरदूरचे. अमोघवर्ष राष्ट्रकूट आणि त्याचे मांडलिक शिलाहार यांच्या काळी, नवव्या शतकात, थेट गौड देशाहून, म्हणजे बंगालकडून आलेल्या एका उपासकाने कान्हेरीला देणगी दिल्याचा लेख आहे. लेणे क्रमांक ९० मध्ये तर पहलवी लिपीतील लेख आहेत. इ. स. १००९ आणि १०२१ या वर्षी आलेल्या पारशी मंडळींनी आपली व आपल्या वडिलांची नावे तेथे कोरून ठेविली. बौद्धांच्या विहारात झरथुष्ट्राचे अनुयायी आदराने येतात आणि आपली खूण ठेवून जातात. त्यांना कोणी अडविलेले दिसत नाही.

शैलीतही हीच मोकळीक दिसते. चैत्यगृहाच्या दर्शनी भागावरील दांपत्ये धष्टपुष्ट, अंगावर दागिने ल्यालेली, या भागातल्या सुखवस्तू लोकांसारखी आहेत. त्याच ओसरीच्या दोन्ही टोकांना नंतरच्या काळात कोरलेल्या बुद्धाच्या सुमारे बावीस-तेवीस फूट उंचीच्या मूर्ती उभ्या आहेत. लेणे क्रमांक ४१ मध्ये अकरा मस्तकांचा अवलोकितेश्वर आहे. भारतात हे रूप फार विरळा. जुने पुसून टाकून नवे करावे असे येथील कारागिरांना वाटले नाही. नव्याने जुन्याशेजारी जागा करून घेतली.

सहाव्या शतकात याच बेटावर जोगेश्वरीचे विस्तीर्ण शैव लेणे खोदले गेले आणि खाडीपलीकडे घारापुरीला त्याचा कळस झाला. घारापुरीच्या सदाशिवाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून आम्ही येथे विस्तार करीत नाही. एकच गोष्ट सांगतो. त्या बेटावर भूमध्य समुद्राकडून आलेल्या मद्याच्या कुंभांची खापरे सापडली आहेत. ज्या किनाऱ्यावर पुढे ती त्रिमुखी शांती कोरली गेली, त्या किनाऱ्यावर तत्पूर्वी कित्येक शतके परदेशी गलबतांचा माल उतरत होता.

मध्ययुगात या बेटाची कीर्ती दगडापेक्षा कापडावर होती. अरब लेखकांना तानासी, म्हणजे ठाण्याचे कापड माहीत होते. मार्को पोलोने ठाण्याच्या वर्णनात कमावलेले कातडे आणि सुती कापड यांची नोंद केली आहे. पुढे ठाण्याच्या रेशमी विणकामातही ख्रिस्ती व मुसलमान विणकर होते. ठाण्याचे ते माग कधीच थांबले. त्यांचा वारसा खाडी ओलांडून आपल्याकडे सरळ चालत आला असे म्हणण्यास आधार नाही. पण या खाडीकाठाला धाग्याची ओळख भिवंडीच्या यंत्रमागांपासून झाली, असेही कोणी समजू नये.

सोळाव्या शतकात पोर्तुगीज आले. त्यांच्या काळाचा हिशेब प्रामाणिकपणे मांडला पाहिजे. मंडपेश्वरच्या शैव लेण्याचे त्यांनी प्रार्थनामंदिर केले आणि त्याच्या माथ्यावर मठ उभारला. घारापुरीच्या मूर्तींची झालेली नासधूसही सर्वश्रुत आहे. येथे उंबरठा बंद झाला आणि कलेला जखम झाली. दुसरीकडे, गावोगावच्या ख्रिस्ती मंडळींनी आपली मराठी बोली, लग्नातील गाणी, विहिरीचे पाणी वाजतगाजत आणण्याचा विधी हे सारे टिकविले आणि त्यात पश्चिमेची वाद्ये मिसळली. राज्यकर्त्यांनी जे तोडले त्यातले काही सामान्य माणसांनी आपल्या घरात सांधून घेतले. १७३७ मध्ये मराठ्यांनी साष्टी घेतली, १७७४ च्या अखेरीस ठाणे इंग्रजांच्या हाती गेले. राज्ये बदलली, गाणी राहिली.

इंग्रजी अमदानीत बेट मुंबईला जोडले गेले. माहीमचा बांध १८४५ मध्ये खुला झाला, तो लेडी अवाबाई जमशेटजी यांच्या दीड लाखांहून अधिक रुपयांच्या देणगीमुळे. कल्याणच्या लोहाराने कान्हेरीला वाट दिली, अवाबाईंनी माहीमला दिली. मधे सतरा-अठराशे वर्षे लोटली तरी दानाची जात तीच. १६ एप्रिल १८५३ रोजी आगगाडी ठाण्यापर्यंत धावली आणि बंदराचे काम रूळ करू लागले.

त्या रुळांवरून विसाव्या शतकात एक नवी कला साष्टीवर उतरली. १९३४ मध्ये हिमांशु राय आणि देविकाराणी यांनी मालाडला बॉम्बे टॉकीज ही चित्रसंस्था काढली. तेथील दिग्दर्शक फ्रान्झ ऑस्टेन आणि छायालेखक योजेफ विर्शिंग हे जर्मन होते, कथालेखक निरंजन पाल बंगाली, आणि संगीत देणाऱ्या सरस्वतीदेवी या मूळच्या खोर्शेद होमजी नावाच्या पारशी बाई. या मंडळींनी १९३६ मध्ये ‘अछूत कन्या’ हा अस्पृश्यतेवरील चित्रपट काढला. संस्था भागधारकांच्या भांडवलावर उभी होती. म्हणजे पुन्हा अनेकांच्या थैलीतून एक काम. १९३९ मध्ये महायुद्ध पेटताच जर्मन मंडळींना स्थानबद्ध करण्यात आले आणि दोन दशके पुरी होण्याच्या सुमारास संस्थाही बंद पडली. परंतु चित्रपटाचा धंदा या बेटावर रुजला तो कायमचा. पुढे १९७८ या एकाच वर्षी जुहूला पृथ्वी थिएटर आणि ठाण्यात मासुंदा तलावाकाठी गडकरी रंगायतन सुरू झाले. भिवंडीच्या नाट्यरसिकांना हे दुसरे नाव सांगावयास नकोच.

या साऱ्या गजबजाटाच्या शेजारी, आरेच्या आणि बोरिवलीच्या जंगलातील पाड्यांवर, वारली लोक राहतात. लग्नघरी सवाशिणींनी गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने देवचौक लिहावयाचा, त्यात पालघाट देवी बसवावयाची, ही त्यांची रीत. वारली मंडळी चित्र ‘काढीत’ नाहीत, ‘लिहितात’. १९७० नंतर ही चित्रे कागदावर आली. डहाणू तालुक्यातील जिव्या सोमा मशे यांनी ती जगभर नेली आणि २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. हीच वारली वस्ती आपल्या भिवंडी तालुक्यातही आहे. आपल्या दिवाणखान्यात वारली नक्षीचा पडदा लावणाऱ्यांनी तालुक्यातील एखाद्या पाड्यावर लिहिलेला चौक कधी पाहिला आहे काय?

इतके सांगितल्यावर मूळ प्रश्नाकडे येऊ. बेटावर कला कशाने बहरते? आम्हांला दोन गोष्टी दिसतात. पहिली, आलेल्या हाताला काम देणारा मोकळा उंबरठा. दुसरी, त्या कामाचा खर्च आपला मानणारी आसपासची कष्टकरी व व्यापारी माणसे. पहिली गोष्ट नसेल तर कला शिळी होते. दुसरी नसेल तर ती पोरकी होते.

सिसिलीचे पुढे काय झाले ते पाहण्याजोगे आहे. ११८९ मध्ये रॉजरचा नातू विल्यम वारला आणि पालेर्मोत मुसलमानांवर हल्ले झाले. तेराव्या शतकात सम्राट दुसरा फ्रेडरिक याने बंडानंतर उरलेल्या मुसलमानांना बेटावरून उचलून इटलीतील लुचेरा येथे नेऊन बसविले. समुद्र तोच होता, बंदर तेच होते, राजवाड्यातील छतही जागेवर होते. परंतु तसे छत पुन्हा रंगवू शकणारी माणसे बेटावर राहिली नाहीत.

भिवंडीला हा धडा परका नाही. १८५७ नंतर उत्तर हिंदुस्थानातून आलेले मोमीन विणकर, तेलंगणातून आलेले पद्मशाली विणकर, येथले जुने कोकणी मुसलमान, आगरी, कोळी, ब्राह्मण, गुजराती व्यापारी या सर्वांच्या हातांनी हे गाव विणले गेले. कामवारीच्या काठी मराठी, उर्दू आणि तेलुगू शेजारी नांदल्या. १९७० आणि १९८४ मध्ये याच गावात दंगलींनी माणसे मारली, माग आणि घरे जाळली. आणि त्यानंतर मोहल्ल्यामोहल्ल्यांतून सर्व धर्मांच्या लोकांच्या समित्या बसल्या, तेव्हा १९९२-९३ च्या त्या भयंकर दिवसांत मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली, हेही याच गावाचे कर्तृत्व. उंबरठा बंद कसा होतो आणि तो पुन्हा उघडावा कसा लागतो, हे आपल्याला पुस्तकातून शिकावयाचे नाही.

आज धोका दुसऱ्या बाजूने आहे. यंत्रमागाचा धंदा मंदीत सापडला, कित्येक माग भंगारात गेले आणि गावाच्या कडेने गोदामांच्या रांगा उभ्या राहिल्या. गोदामातून माल नुसता जातो. मागावर तो घडतो. ज्या गावातून सारे केवळ पुढे जाते आणि जेथे काही घडत नाही, त्या गावाला बाजार असेल, पण चेहरा राहणार नाही. धंद्याची गणिते या लेखात सुटणार नाहीत आणि तसा आमचा दावाही नाही. परंतु विणकराचे ज्ञान, त्याच्या नक्षीचे कागद, त्याची गाणी, मुशायऱ्यांच्या आठवणी, पद्मशालींच्या घरची तेलुगू पदे ही गोळा करून ठेवणे तर आपल्या हाती आहे. लोनाडच्या टेकडीतील बौद्ध लेणे आणि तेथील शिलाहारकालीन शिवमंदिर आपल्या तालुक्यात आहेत. शाळेतील मुलांना तेथे नेण्यास फारसा खर्चही येत नाही.

कान्हेरीचा तो लोहार विद्वान नव्हता, धनाढ्यही नसावा. डोंगर कोरण्याइतकी ऐपत नव्हती, म्हणून त्याने डोंगरापर्यंत जाणारी वाट दिली. कोणी टाके दिले, कोणी चीवराचा पैसा दिला, आणि अशा लहान लहान देण्यांतून हजार वर्षांचे काम उभे राहिले. आपल्या गावात ग्रंथालय, नाट्यगृह, व्याख्यानमाला, चित्रशाळा यांची गोष्ट निघाली की ते नगरपालिकेचे काम, ते धनिकांचे काम, असे आपण म्हणतो. कल्याणचा लोहार तसे म्हणाला नाही. भिवंडीच्या विणकराने, दुकानदाराने, मास्तराने तसे का म्हणावे?